आधी यजमान ऐका, मग पाहुणे : जपानी रिमिक्स अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

टोकियोत निशी-कासाईला राहत असताना एका शनिवारी शिमोकिताझावातल्या जुन्या सीडींच्या दुकानात मी दोन सीडी घेतल्या. एकीचं नाव ‘एफएम’, दुसरीचं ‘सीएम’. दोन्ही कॉर्नेलियस या जपानी संगीतकाराच्या. जपानी सीडीच्या कण्याला कागदाची एक उभी पट्टी गुंडाळलेली असते, तिला ओबी म्हणतात. ती फाटू नये म्हणून घरी आल्यावर नखांनी हलकेच सरकवून काढली, सीडी लावली, आणि माझ्या हाती काहीच लागलं नाही. सात पाहुण्या संगीतकारांनी मिळून काहीतरी केलंय एवढं कळत होतं, पण कशाचं काय केलंय ते कळत नव्हतं. दोन्ही सीडी कपाटात गेल्या. वर्षभरानं ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्यानं विचारलं, “पण मूळ अल्बम ऐकलास ना?” मी ऐकलाच नव्हता.

तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हा लेख. रिमिक्स अल्बम कसा ऐकायचा हे कुणी शिकवत नाही, आणि जपानी प्रायोगिक पॉपच्या बाबतीत तर बरेच जण माझ्यासारखेच चुकीच्या दारातून आत शिरतात.

सुरुवातीला ‘रिमिक्स’ या शब्दाबद्दल

आपल्याकडे २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्या हिंदी गाण्यांखाली ठोके घालून, नव्या गायिकेकडून गाऊन घेऊन रिमिक्स निघाले आणि मांडवामांडवांत वाजले. तो अर्थ तात्पुरता बाजूला ठेवा. अभंगाला नवी चाल लावणं हाही रिमिक्स नव्हे, कारण तिथे फक्त शब्द जुने असतात, आवाज सगळा नवा.

रिमिक्समध्ये मूळ ध्वनिमुद्रणच कच्चा माल असतं. स्टुडिओत गाणं रेकॉर्ड होताना गायकाचा आवाज, ड्रम, बास, गिटार हे सगळं वेगवेगळ्या पट्ट्यांवर साठवलेलं असतं. त्या सुट्या पट्ट्या दुसऱ्या संगीतकाराच्या हाती दिल्या की तो काही ठेवतो, काही टाकतो, काही ताणतो आणि आपलं काही मिसळतो. ही वाट जमैकातून आली. किंग्स्टनमध्ये किंग टबी नावाचा रेडिओ-दुरुस्ती करणारा माणूस होता. १९७०च्या आसपास तो तयार गाण्यांतून गायकाचा आवाज उडवून फक्त बास आणि ड्रम ठेवायचा आणि मधूनच आवाजाचा एखादा तुकडा प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांसाठी गाणी लांबवून बारा इंची तबकड्यांवर काढायला लागले. पुढे नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये रिमिक्स म्हणजे जवळजवळ स्वतंत्र रचनाच झाली आणि मूळ गाण्यातला एक कण राहिला तरी चालू लागलं.

त्यामुळे ऐकताना एकच प्रश्न जवळ ठेवा : यानं मूळचं काय ठेवलं? काय घातलं हे आपोआप ऐकू येतं. काय ठेवलं हे कळायला मात्र मूळ गाणं कानात मुरलेलं लागतं.

पहिली पायरी : यजमानाची ओळख

कॉर्नेलियस म्हणजे केइगो ओयामादा, जन्म १९६९, टोकियोचा. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटातल्या चिंपांझीचं नाव त्यानं स्वतःला घेतलं. त्याआधी, १९८०च्या दशकाच्या शेवटी, केन्जी ओझावाबरोबर त्याचा फ्लिपर्स गिटार नावाचा बँड होता, तो १९९१मध्ये संपला. मग त्यानं ट्रॅटोरिया नावाचं स्वतःचं रेकॉर्ड-लेबल चालवलं, आणि १९९७मध्ये ‘फँटाज्मा’ हा अल्बम आला. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या मॅटाडोर या लेबलनं तो जपानबाहेर आणला. ‘एफएम’ म्हणजे या ‘फँटाज्मा’च्याच गाण्यांचे पाहुण्यांनी केलेले रिमिक्स.

त्या काळच्या या संगीताला शिबुया-केई म्हणतात, म्हणजे शिबुया वळणाचं. टोकियोच्या शिबुया भागातल्या मोठ्या रेकॉर्ड-दुकानांत परदेशी तबकड्यांचे ढीग असत, आणि ओयामादासारखी मुलं आठवड्याचे पैसे तिथे उधळत. फ्रेंच पॉप, ब्राझिलचा बोसा नोव्हा, स्कॉटलंडचे छोटे गिटार-बँड, साठच्या दशकातल्या सिनेमांचं संगीत असं सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं. आधी ते कसलेले श्रोते होते, संगीतकार नंतर झाले. हे लक्षात असू द्या, पुढे पाहुण्यांची यादी वाचताना याचाच उपयोग होणार आहे.

ओयामादाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. शाळेत असताना अपंग सहाध्यायांना दिलेल्या त्रासाबद्दल तो नव्वदच्या दशकात मासिकांच्या मुलाखतींत बोलला होता. २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्याच्या संगीतासाठी त्याचं नाव जाहीर झालं, तेव्हा त्या मुलाखती पुन्हा समोर आल्या. त्यानं माफी मागितली आणि सोहळ्याच्या चार दिवस आधी काम सोडलं. त्या मुलाखतींचा तपशील वाचवत नाही. मी आजही हे संगीत ऐकते, पण कुणाला ऐकायला सांगताना ही गोष्टही सांगते. ऐकायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसरी पायरी : ‘फँटाज्मा’ सलग ऐका, दोन्ही कानांनी

या पायरीला घाई करू नका. जपानमध्ये या अल्बमची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा सीडीबरोबर इअरफोनही दिले होते, इतका तो कानाजवळ ऐकण्यासाठी बनवलेला आहे. काही भाग बायनॉरल पद्धतीनं मुद्रित केलेले आहेत, म्हणजे माणसाच्या दोन कानांच्या जागी दोन मायक्रोफोन ठेवून. पहिल्याच ‘माइक चेक’मध्ये आवाज एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे फिरतो. फोनच्या स्पीकरवर हे सगळं सपाट होऊन जातं.

म्हणून तयारी अशी करा. इअरफोनचा डावा डाव्या कानात, उजवा उजव्या कानात. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू असेल तर बंद करा. ॲपमधलं शफल बंद करा, आणि दोन गाणी एकमेकांत मिसळणारं क्रॉसफेडही बंद करा, कारण इथे एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं हा रचनेचाच भाग आहे. आवाज मध्यम ठेवा. ‘स्टार फ्रूट्स सर्फ रायडर’ कुजबुजीसारखं सुरू होतं म्हणून आवाज वाढवाल, आणि ते मध्येच वेगवान ड्रमवर उसळलं की दचकाल.

अल्बम साधारण पन्नास मिनिटांचा आहे. पहिल्यांदा नुसता ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना तीन ठिकाणी थांबा.

‘२०१०’ हे जुना जर्मन संगीतकार बाख याच्या जी मायनरमधल्या छोट्या फ्यूगचं (एकच सुरावट एकामागोमाग वेगवेगळ्या आवाजांत येणाऱ्या रचनेचं) धावतं रूप आहे. ऑर्गनवर शांतपणे उलगडणारी ती रचना इथे पिसाट ड्रमवर पळते. म्हणजे मूळ अल्बममध्येच ओयामादा दुसऱ्याच्या रचनेवर हात चालवतोय.

‘चॅप्टर ८’मध्ये अमेरिकेतल्या ॲपल्स इन स्टिरिओ या बँडची मंडळी त्याच्याबरोबर आहेत. गाणं चालू असताना टेपरेकॉर्डरची बटणं दाबल्याचा खट्-खट् आवाज येतो, टेप सरकते आणि आपण दुसऱ्याच तुकड्यात जातो. कॅसेट उलटसुलट करत गाण्याची जागा शोधलेल्या पिढीला हा आवाज लगेच ओळखू येईल. मला तर प्ले बटण दाबून खाली बसल्यावर बोटाला जाणवणारा तो ठोकाच आठवला.

आणि ‘स्टार फ्रूट्स सर्फ रायडर’. हे गाणं तबकडीवर काढताना दोन वेगळ्या तबकड्या केल्या होत्या, एक ‘स्टार फ्रूट्स’ आणि एक ‘सर्फ रायडर’. दोन टर्नटेबलांवर एकाच वेळी लावल्या की पूर्ण गाणं तयार व्हायचं. दोन्ही सुया एकत्र टेकवणं काही साधत नाही, थोडं मागेपुढे होतंच, म्हणजे प्रत्येक घरात गाणं थोडं वेगळं वाजणार. रिमिक्सचा अर्धा भार त्यानं इथेच श्रोत्यावर टाकला होता.

चार-पाच वेळा ऐकून झालं आणि भांडी घासताना एखादी सुरावट आपोआप ओठांवर आली, की ही पायरी झाली असं समजा. त्याआधी ‘एफएम’ला हात लावू नका.

तिसरी पायरी : पाहुण्यांची यादी वाचा

नवखा श्रोता हीच पायरी गाळतो, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठा आनंद इथेच आहे. ‘एफएम’चे पाहुणे असे : मनी मार्क, द पेस्टल्स, डेमन अल्बार्न, अंकल, कोल्डकट, द हाय लामाज आणि बफेलो डॉटर. खपाच्या आशेनं जमवलेली ही नावं नाहीत. एकेकाचा यजमानाशी काय संबंध आहे ते पाहिलं की यादीच बोलायला लागते.

द पेस्टल्स हा ग्लासगोचा बँड, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा. कधी फार मोठा झाला नाही, पण ज्यांनी ऐकला त्यांच्या मनात घर करून राहिला. १९८९मध्ये फ्लिपर्स गिटारचा पहिला अल्बम आला, त्यात ‘गुडबाय, अवर पेस्टल्स बॅजेस’ नावाचं गाणं आहे. पेस्टल्सचा बिल्ला शर्टाला लावून फिरणाऱ्या टोकियोतल्या विशीच्या मुलाची कल्पना करा. दहा वर्षांच्या आत तेच पेस्टल्स त्याचं गाणं हाताळायला घेतात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी सीडीची पुस्तिका हातात धरून बराच वेळ तशीच बसून होते.

हाय लामाजचा कर्ताधर्ता शॉन ओ’हेगन. त्याआधी तो मायक्रोडिस्नी नावाच्या आयरिश बँडमध्ये होता. आता ‘फँटाज्मा’तल्या दुसऱ्या गाण्याचं नाव बघा : ‘द मायक्रो डिस्निकल वर्ल्ड टूर’. ज्याच्या जुन्या बँडच्या नावाशी खेळून गाण्याचं नाव ठेवलं, त्याच माणसाकडे ते गाणं रिमिक्ससाठी गेलं. दोघांनाही बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनचं वेड, तेही या गाण्यातल्या आवाजांच्या थरांत उघड दिसतं.

अंकल म्हणजे लंडनच्या जेम्स लाव्हेलचा उद्योग, त्या काळात डीजे शॅडो त्याच्याबरोबर होता. त्यांच्या एका रचनेचं नाव ‘एप शॅल नेव्हर किल एप’, म्हणजे वाक्य त्याच वानरांच्या चित्रपटमालिकेतलं. कोल्डकट हे मॅट ब्लॅक आणि जोनाथन मोर. १९८७मध्ये एरिक बी आणि राकिम यांच्या रॅपचा त्यांनी केलेला रिमिक्स मूळ गाण्याइतकाच गाजला. पुढे त्यांनी निन्जा ट्यून हे लेबल काढलं. मनी मार्क हा लॉस एंजलिसचा, बीस्टी बॉइज या अमेरिकन रॅप-बँडबरोबर की-बोर्ड वाजवणारा. त्यांच्याकडे तो आधी सुतारकामासाठी गेला होता म्हणतात, आणि वाजवायला राहिला. बफेलो डॉटर हे टोकियोचंच त्रिकूट, बीस्टी बॉइजच्या लेबलवर त्यांचे अल्बम अमेरिकेत आले. आणि डेमन अल्बार्न हा ब्लर या बँडचा गायक, या यादीत जगभर ठाऊक असलेलं नाव त्याचंच.

प्रत्येक पाहुण्याचं स्वतःचं किमान एक गाणं ऐका, एका संध्याकाळचं काम आहे. हाय लामाजचे तंतुवाद्यांचे मऊ थर, अंकलचे जड, सावकाश ड्रम, पेस्टल्सचा थोडासा निष्काळजी वाटणारा प्रेमळ सूर, एवढी ओळख झाली की रिमिक्समध्ये कुणाचा हात कुठे फिरलाय ते कळू लागतं.

चौथी पायरी : जोडीनं ऐका

‘एफएम’ शोधताना नुसतं ‘एफएम’ टाकलंत तर रेडिओ स्टेशनंच समोर येतील. बरोबर कॉर्नेलियस आणि फँटाज्मा ही नावं टाका. स्ट्रीमिंगवर नाहीच मिळाला तर जुनी सीडी बघा. जपानी सेकंड-हँड दुकानांत सीडी फार जपलेल्या असतात. ओबी शाबूत असेल तर किंमत थोडी चढते. नुसतं ऐकायचं असेल तर ओबी नसलेली घ्या.

आता एक वही घ्या. दोनच गाण्यांपासून सुरू करा : ‘द मायक्रो डिस्निकल वर्ल्ड टूर’ मूळ आणि हाय लामाजचं, मग ‘स्टार फ्रूट्स सर्फ रायडर’ मूळ आणि अल्बार्नचं. प्रत्येक वेळी आधी मूळ, लगेच रिमिक्स, आणि पुन्हा मूळ. तिसऱ्यांदा ऐकणं टाळू नका. रिमिक्सवरून परत आल्यावर मूळ गाण्यात आधी न ऐकलेली एखादी गोष्ट हमखास सापडते, कारण पाहुण्यानं बोट ठेवून ती दाखवलेली असते.

वहीत फार लिहायचं नाही. मूळचा आवाज राहिला का? राहिला तर पूर्ण की तुकड्यांत? ठोका तोच का? गाण्याचं शांत आणि उसळतं असं जे दोन भागांचं अंग आहे ते पाहुण्यानं सांभाळलं की मोडलं? माझ्या वहीत एका ठिकाणी एवढंच लिहिलंय : “मला ज्यासाठी गाणं आवडायचं तेच यानं काढून टाकलं. तरी गाणं उभं आहे. मग गाणं नेमकं कशावर उभं होतं?” त्या दिवसापासून मी मूळ गाण्याचा बास ऐकायला लागले. आधी तो मला कधी ऐकूच आला नव्हता.

सगळेच रिमिक्स आवडतील असं नाही, मलाही आवडत नाहीत. काही पाहुणे यजमानाच्या घरी येऊन स्वतःचंच जेवण जेवून जातात. ते ओळखता येणं हाही या शिकण्याचा भाग. नाही आवडलं तर वहीत तसं लिहा आणि पुढे जा. दोन महिन्यांनी परत आलात की मत बदललेलं असेल, कधी उलट दिशेनंही.

पाचवी पायरी : परतभेट

‘सीएम’मध्ये उलटा प्रकार आहे, इथे ओयामादा इतरांची गाणी हाताळतो. आणि ती कुणाची? पेस्टल्सचं ‘विंडी हिल’, मनी मार्कचं ‘मेबी आय ॲम डेड’, शिवाय हाय लामाज, बफेलो डॉटर, अंकल, कोल्डकट. म्हणजे जे त्याच्या घरी आले, त्यांच्या घरी हाही गेला. जपानमध्ये जाहिरातीला ‘सीएम’ म्हणतात, त्यामुळे एक सीडी रेडिओच्या नावाची आणि दुसरी जाहिरातीच्या नावाची अशी ही जोडी झाली.

इथे ऐकायचं ते त्याचं वळण. गाणी वेगवेगळ्या घरांची, माणूस एकच, मग सगळीकडे समान काय? माझ्या कानाला सापडलं ते असं : तो आवाजांच्या मध्ये जागा सोडतो. एक गिटारचा झटका डावीकडे, मग मोकळी जागा, मग उजवीकडे ड्रमचा एकच ठोका. पुढे २००१मध्ये त्याचा ‘पॉइंट’ हा अल्बम आला तो जवळजवळ या मोकळ्या जागेवरच उभा आहे. ‘फँटाज्मा’च्या गजबजाटातून तो ‘पॉइंट’पर्यंत कसा पोचला, याचं उत्तर मला ‘सीएम’मध्ये मिळतं. दुसऱ्यांची घरं आवरता आवरता त्यानं स्वतःचंही आवरलं असावं.

यानंतर कुठे

एवढं झाल्यावर तुम्ही नवखे राहत नाही, त्यामुळे थोडक्यात सांगते. शिबुया वळणाचंच दुसरं मोठं नाव म्हणजे पिझिकाटो फाइव्ह. त्यांच्या १९९७च्या ‘हॅपी एंड ऑफ द वर्ल्ड’वर पाहुण्यांनी केलेला ‘हॅपी एंड ऑफ यू’ हा रिमिक्स अल्बम आहे. नाचायला जास्त सोपा, आणि जोडीनं ऐकायचा सराव करायला चांगला. मागे जायचं असेल तर यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी इलेक्ट्रॉनिक बँडच्या गाण्यांवर ब्रिटिश टेक्नो मंडळींनी काम केलेला ‘हाय-टेक/नो क्राइम’ घ्या. त्यात द ऑर्ब आणि ८०८ स्टेट आहेत. जपानी मशीन-पॉप ऐकत वाढलेली पिढी तिथे त्या मशीनला उत्तर देते.

आणि शेवटी र्‍यूइची साकामोतोचा ‘एसिंक रीमॉडेल्स’. २०१७मध्ये ‘एसिंक’ आला, घशाच्या कर्करोगातून उठल्यानंतरचा. त्याच वर्षी पाहुण्यांनी त्यावर काम केलं : अल्वा नोटो, फेनेझ, आर्का, योहान योहान्सन, अँडी स्टॉट. हे पॉप नाही, सावकाश ऐकायचं संगीत आहे, त्यामुळे सुरुवात इथून करू नका. पण या पाहुण्यांमध्ये कॉर्नेलियसही आहे. साकामोतो यलो मॅजिक ऑर्केस्ट्राच्या तिघांपैकी एक, आणि ओयामादा मोठा झाल्यावर त्या मंडळींबरोबर मंचावर गिटारही वाजवलेला. पेस्टल्सच्या बिल्ल्यापासून इथपर्यंत आलात की ‘एसिंक’ आधी पूर्ण ऐका, रात्री, दिवा मालवून. वही सकाळी उघडा.